बैठं काम

"ही कॉलर बघ. ही घालून माणसानं मान वळवायची कशी?" असं म्हणत अण्णा, माझे वडील, तयार कपड्यांच्या दुकानासमोर उभे राहिले. सकाळपासूनचं हे तिसरं दुकान.

मिरजेच्या स्टँडपासून हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर आणि आम्हाला निघून अर्धा तास झाला होता. पहिल्या दुकानासमोर त्यांनी बुशशर्टाच्या खिशाला नावं ठेवली, दुसऱ्यासमोर पँटच्या शिलाईला, आणि आता ही कॉलर. मी चोवीस वर्षांचा होतो. आयटीआय करून नुकतीच वायरिंगची स्वतःची कामं घ्यायला लागलो होतो, त्यामुळे जगातल्या सगळ्यांपेक्षा मला जास्त घाई असायची.

"अण्णा, नंबर जाईल आपला."

"जाऊ दे की. डॉक्टर काय पळून जातोय?" ते म्हणाले. पण दोन मिनिटांनी स्वतःच चालायला लागले.

आमच्या तासगावात या सवयीवरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. रेळेकर टेलर रस्त्यानं निघाला की वाटेतल्या प्रत्येक काचेच्या कपाटाला हजेरी देऊनच पुढं जातो, असं आमच्या शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातले पारिसकाका सांगायचे. तयार कपड्यांवर अण्णांचा दातच होता, म्हणून त्यांच्या थांबण्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

डॉक्टर मगदूम बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी अण्णांना पलंगावर आडवं केलं, पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवला आणि पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवून डोळे मिटले. उजव्या पावलावर थोडा वेळ. डाव्या पावलावर बराच वेळ. मग बोटं थोडी इकडं, थोडी तिकडं सरकवली. टेस्टर घेऊन भिंतीत मेलेली लाइन शोधताना मी जसं करतो, तसं त्या पायात काहीतरी शोधत होत्या आणि त्यांना ते सापडत नव्हतं.

"साखर किती वर्षांपासून?"

"चौदा," अण्णा म्हणाले.

"चालताना पोटरीत दुखतं?"

"छे."

"मध्येच थांबावं लागतं का?"

"थांबतो की. पण ते आपलं, दुकानं बघायला."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी मला कळलं, आणि मला कळलं हे अण्णांनाही कळलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. वर्षभर, कदाचित दोन वर्षं, हा माणूस पोटरीतला गोळा कॉलरच्या आणि खिशांच्या टीकेखाली झाकत आला होता, आणि मी शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो.

बाई म्हणाल्या, "साखरेनं पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. उजव्या पायात रक्त बरं पोचतंय. डाव्यात फार कमी. गोळ्या देते, पण खरं औषध हालचाल. रोज अर्धा तास चालायचं. दुखायला लागलं की थांबायचं, कमी झालं की पुन्हा चालायचं. दुखण्याला भिऊन बसून राहिलात तर पाय जाईल."

"जाईल म्हणजे?"

"कापावा लागेल."

अण्णांनी पायजमा खाली ओढला.

"काम काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं होतं. पण मी घाईत होतो ना, मीच बोललो. "टेलरिंग. बैठं काम. दिवसभर बसूनच असतात."

बाईंनी कागदावर तसंच लिहिलं. 'बैठे काम.' मग पेनचं टोपण लावत म्हणाल्या, "हेच तर होतं. काहीही करा, पण हे बसणं कमी करा."

अण्णांनी दुरुस्ती केली नाही, आणि करतील तरी कशी? आम्ही शिंपी लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आलो. उन्हात राबायला नको, चिखलात उतरायला नको, सावलीत बसून भाकरी मिळते. अण्णांना सोयरीक आली तेव्हा आजोबांनी आईच्या वडिलांना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं म्हणे, "पोराचं काम बैठं आहे." कष्ट करणारा म्हणजे शेतात राबणारा, हमाली करणारा. शिंप्याला कष्टकरी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "मुकुंदा, काय करायचं ते तू कर बाबा. ह्यांचं काय खरं नाही, हे चालायला जायचे नाहीत."

ते खरंच जात नव्हते. पहिले चार दिवस शाळेच्या मैदानापर्यंत गेले, पाचव्या दिवशी शाळेचे गणवेश आले. मी भांडलो, तर म्हणाले, "चालायला जाऊ तर कापडं कोण शिवणार? तू?" त्यात खोटं काही नव्हतं. पायमशीनवर दोन माणसांचं काम ते एकटे ओढत होते. सकाळी आठला बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. दोन्ही पावलं पॅडलच्या लोखंडी जाळीवर, अनवाणी, कारण मशीनला चप्पल लावायची नाही हा आमचा नेम. ती पावलं इतकी सवयीची झाली होती की झोपेतही हलायची. आई म्हणायची, "ह्यांची मशीन अंथरुणात सुद्धा चालूच."

मी विचार केला. काम लवकर उरकलं तर वेळ मोकळा मिळेल. वेळ मिळाला तर अण्णा चालायला जातील. चालले तर पाय राहील. हिशेब सरळ होता आणि माझ्या विद्येतला होता. सांगलीहून शिलाई मशीनची मोटार आणली.

बसवायला दिवस एकच होता, खंडेनवमी. त्या दिवशी मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि सुट्टी. तिला पाय लावायचा नाही. कात्री, टेप, मशीन, सगळं पाटावर मांडून अण्णांनी पूजा केली आणि ते आरामखुर्चीत बसले. मी पेटी घेऊन पुढं झालो.

आई म्हणाली, "अरे, आज तिला उघडू नको. आज तिचा मान असतो."

"दागिनाच घालतोय की तिला," मी म्हणालो.

मागच्या बाजूला मोटार आवळली. मोठ्या चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवला आणि मोटारीचा बारीक पट्टा चढवला. पॅडल हलू नये म्हणून तारेनं घट्ट बांधून टाकलं. त्याच्यावर मोटारीचं छोटं बटण ठेवलं, उजव्या पायाच्या अंगठ्यानं दाबायचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अण्णांनी पहिल्यांदा ते दाबलं. मशीन अशी काही सुटली की ते दचकून मागं सरले आणि मग लहान पोरासारखे हसले. चाळीस वर्षं त्यांनी ती मशीन ओढली होती, आता ती त्यांना ओढत होती. पारिसकाका दुकान उघडं टाकून बघायला आले. अण्णा त्यांना म्हणाले, "बघितलंस का पारिसा? पोरानं पायाला पेन्शन दिली."

माझी छाती फुगली होती. खोटं कशाला सांगू, त्या दिवसाइतका आनंद मला पुढं माझ्या लग्नातही झाला नाही.

"आता रोज चालायला जायचं," मी बजावलं.

"जातो की."

पण दसरा ते दिवाळी शिंप्याला वीसच दिवस मिळतात. रेळेकर टेलरकडं मोटार आली, एका दिवसात ब्लाउज मिळतो, ही बातमी बाजारभर झाली. सकाळी दुकान उघडायच्या आधी बायका पायरीवर बसलेल्या असायच्या. अण्णांचा हुरूप वाढला. आठला बसायचे ते आता सातलाच बसायला लागले. जेवायलाही उठेनात, आई डबा दुकानात न्यायची. मी दात-ओठ खायचो, तर ते म्हणायचे, "दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर बघ, कवठे गावापर्यंत चालत जाऊन येतो." डावा पाय दिवसभर नुसता ठेवलेला असायचा. उजव्याचा अंगठा तेवढा बटणावर.

एकदा आई समाधानानं म्हणाली, "मोटार आल्यापासनं ह्यांचे पाय झोपेत हलत नाहीत बघ. गाढ झोपतात." मीही समाधानानं मान हलवली.

भाऊबीजेला आत्या आली, तिनं ओवाळताना अण्णांच्या डाव्या पायाकडं बघून विचारलं, "दादा, हे काय लागलं?" अंगठ्याच्या कडेला टाचणी टोचल्याची खूण होती. भोवती काळसर कडं. अण्णांना पत्ताच नव्हता, दुखतही नव्हतं. शिंप्याच्या पायाला टाचणी नवी नाही. चाळीस वर्षं टोचत आल्या आणि चाळीस वर्षं आपोआप भरत आल्या. ही भरली नाही. आठवड्यात अंगठा जांभळा झाला, पंधरवड्यात काळा, आणि वास यायला लागला तेव्हा त्यांना घेऊन मी पुन्हा मिरजेला गेलो. या वेळी रिक्षानं. वाटेतल्या एकाही दुकानाकडं त्यांनी बघितलं नाही.

गुडघ्याखाली कापावा लागला.

ऑपरेशन झालं त्या दुपारी मगदूम बाई व्हरांड्यात आल्या. मी बाकावर बसलो होतो. त्यांच्या हातात जुना कागद होता.

"मला एक समजत नाही. भाद्रपदात तपासला तेव्हा पाय इतका वाईट नव्हता. कमी रक्तावर का होईना, चाललं होतं त्याचं. दोन महिन्यांत असा कसा ढासळला? बसणं आणखी वाढलं का?"

"उलट कमी व्हावं म्हणून मी मशीनला मोटार बसवली," मी म्हणालो. तेव्हाही आवाजात थोडी ऐट असावी.

"मोटार? मग आधी मशीन कशावर चालायची?"

"पायानं. पायमशीन होती."

बाईंनी चष्मा काढला. उजव्या हाताचा तळवा पुढं करून त्यांनी मनगटातून खाली-वर, खाली-वर हलवला. "असं? दोन्ही घोटे असे हलायचे?"

"हो."

"किती वेळ?"

"दहा तास. सणाला बारा."

त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. डॉक्टर माणूस पेशंटच्या नातेवाइकाशेजारी बसतो तेव्हा काहीतरी वाईट असतं, एवढं मला कळत होतं. पण वाईट तर आत होऊन गेलं होतं, आता आणखी काय उरलंय, असं वाटलं.

"ज्यांना चालवत नाही त्यांना मी नेमकं हेच करायला सांगते," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसून घोटे खाली-वर करा, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. पोटरी आवळते, सुटते, रक्त फिरतं. अरुंद वाटेच्या आजूबाजूनं हळूहळू नव्या बारीक वाटा तयार होतात. लोक तेवढंही करत नाहीत. तुमचे वडील ते दहा तास करत होते."

त्यांनी हातातला जुना कागद माझ्यापुढं धरला.

"तुम्ही मला बैठं काम सांगितलंत."

"बैठंच म्हणतात त्याला," मी म्हणालो. "म्हणजे मोटारीमुळं गेला?"

"असं मी म्हणणार नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. चौदा वर्षांची साखर आहे, टाचणी आहे, उशीर आहे. मोटार नसती तरी कदाचित गेला असता." मग कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं. बसून काय करता, एवढं एक वाक्य. मी लिहून मोकळी झाले."

त्यांनी ते 'कदाचित' मला दिलासा म्हणून दिला. सत्तावीस वर्षं झाली, मी त्या 'कदाचित'ला दोन्ही बाजूंनी धरून बघतो. रात्री झोपायच्या आधी ते 'नसताच गेला' असं होतं आणि सकाळी कामावर जाताना 'गेलाच असता' होतं. कुठल्याही एका बाजूला ते ठरत नाही.

"आता उजव्याचं बघा," उठताना बाई म्हणाल्या. "सगळा भार त्याच्यावर येणार. तोही फार भक्कम नाही. जखम बरी झाली की मोटार काढा आणि त्यांना पायानं मशीन चालवू द्या. एका पायानं जमेल?"

"जमेल. चाकाला हातानं सुरुवात दिली की एका पायानं चालते."

"मग त्यांना नीट समजावून सांगा. मी सांगू?"

"नको," मी म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की समोरची नर्स वळून बघायला लागली. "मी सांगतो. तुम्ही नका सांगू."

संक्रांतीला अण्णा दुकानात आले, कुबडीवर. तिळगुळाच्या निमित्तानं अर्धा बाजार त्यांना बघायला आला. लोक पायाकडं बघायचं टाळत होते, जीभ चावत होते. अण्णांनीच कोंडी फोडली. मोटारीवर हात ठेवून ते म्हणाले, "ही बघा. माझ्या मुकुंदानं बसवली. ही नसती तर आज मी काय केलं असतं? एका पायानं मशीन रेटत बसलो असतो. पोरानं जणू आधीच ओळखलं होतं."

"लेक असावा तर असा," पारिसकाका म्हणाले.

हे एकदा झालं असतं तर मी गिळलं असतं. पण अण्णा प्रत्येकाला सांगायचे. ब्लाउज टाकायला आलेल्या बाईला, पोस्टमनला, आत्याच्या सासरच्यांना. दरवेळी मोटारीवर तसाच हात ठेवायचे. मी तिथं असलो तर मला जवळ ओढायचे. मला ते सहन होईना. मी दुकानात जायचं टाळायला लागलो, आणि गेलोच तर मोटारीची ती घुंईं सुरू झाली की काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचो. आजही गावातल्या सगळ्या मोटारी मी दुरुस्त करतो, पिठाच्या गिरणीची, विहिरीवरची, मिक्सरची. शिलाई मशीनची मोटार आली की सांगतो, हे माझं काम नाही.

माघात बाईंनी उजवं पाऊल तपासलं आणि माझ्याकडं बघितलं. अण्णा बाहेर गेल्यावर विचारलं, "सांगितलंत?"

"सांगतो."

"तळवा गार लागतोय. किती दिवस सांगतो म्हणणार?"

त्या संध्याकाळी जेवणाआधी मी अण्णांच्या समोर बसलो. मनात सगळं जुळवून घेतलं होतं. "अण्णा, डॉक्टरीणबाई म्हणतात, मशीन पायानं चालवा. उजव्या पायाला व्यायाम होतो."

ते हसले. "एक गेला, आता राहिलेल्यालाही राबवायचं? बाईंना औषधातलं कळतं रे, मशीनमधलं नाही कळत."

"त्यानं रक्त फिरतं म्हणतात."

"फिरतं? मग चाळीस वर्षं डावा पायही तेच करत होता की. तेव्हा का नाही…" असं म्हणून ते थांबले. कपाळाला आठी पडली. माप घेताना एका नजरेत माणसाचा खांदा कुठं उतरलाय हे ओळखणारा माणूस तो. आणखी एक वाक्य, आणि त्यांनी दसरा, दिवाळी, टाचणी सगळं एका रेषेत लावलं असतं. मग मोटारीवर ठेवलेला तो हात त्यांनी कुठं ठेवला असता?

"जाऊ दे अण्णा," मी घाईनं म्हणालो. "बाई आपलं सगळ्यांनाच सांगतात ते."

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. आठी गेली. "लेकानं दिलेली मोटार काढून टाकू? डोकं फिरलंय का माझं?"

आई ताटं घेऊन आली. मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा घरी आडवे झाले असताना मी दुकानात गेलो. मोटारीचं झाकण उघडलं, वाइंडिंगची दोन टोकं पकडीनं खरवडून एकमेकांना टेकवली आणि बटण दाबलं. एक ठिणगी उडाली, धूर आला, जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. मी झाकण परत लावलं. मग पॅडलची तार सोडली. तिला गंज चढला होता, बोट कापलं. कोपऱ्यातला चामड्याचा पट्टा घेऊन मोठ्या चाकावर चढवला आणि पॅडलच्या जोडांना तेल दिलं.

चार वाजता अण्णा आले. "वास कसला रे?"

"मोटार जळाली, अण्णा. व्होल्टेज वाढलं असेल."

त्यांनी मोटारीला हात लावून बघितला. घरातलं कुणी गेल्यासारखा तिच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "दुसरी बसव."

"बसवतो. तोवर पायानं चालवा. पट्टा चढवून ठेवलाय."

खुर्चीत बसून त्यांनी उजवं पाऊल जाळीवर ठेवलं, हातानं चाक फिरवलं. मशीन दोनदा उलटी फिरली, दोरा तुटला. तिसऱ्यांदा चालली. पाऊल खाली-वर, खाली-वर व्हायला लागलं. मी पाठ वळवून बाहेर आलो आणि पारिसकाकांच्या दुकानामागच्या बोळात ढसाढसा रडलो.

दुसरी मोटार मी बसवली नाही. सुरुवातीला सांगलीत माल नाही म्हणालो. मग ही कंपनी बंद झाली म्हणालो. मग उद्या, मग पुढच्या आठवड्यात, मग गणपती झाल्यावर. दुसरा वायरमन त्यांनी बोलावला नाही. "घरात वायरमन असताना बाहेरचा आणू? लोक काय म्हणतील?" असं ते आईला म्हणायचे. लोक म्हणायचं ते म्हणतच होते. गावभर मोटारी बसवत हिंडतो आणि बापाला एका पायानं मशीन ओढायला लावतो. माझं लग्न झाल्यावर त्यात बायकोचंही नाव जोडलं गेलं. पारिसकाका माझ्याशी बोलेनासे झाले. आईनं एकदाच विचारलं, मी पेटी उचलून निघालो, तेव्हा ती म्हणाली, "तू असा नव्हतास."

दर तीन महिन्यांनी बाई उजवं पाऊल तपासायच्या. "छान आहे," म्हणायच्या. एकदा त्यांनी माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "सांगितलंत शेवटी?" मी मान हलवली. कशी हलवली ते माझं मलाच ठाऊक नाही. त्यांनी ती होकारार्थी घेतली.

सहाव्या वर्षी, एका दुपारी मी दुकानातला दिवा बदलायला गेलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा एका शाळकरी सदऱ्याला काजं करत होते. मी स्टुलावरून उतरलो तसे ते म्हणाले, "मुकुंदा, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा की."

"माझं काही चुकलं का रे तुझ्याशी?"

मी जुना दिवा स्टुलावर ठेवला.

"मोटारीचं म्हणत नाही मी. मोटार गेली खड्ड्यात. आता सवय झालीय. पण आधी तू असा नव्हतास. पाय गेल्यावर मी तुझ्या मनातनं उतरलो की काय, असं वाटतं. मी कुणाला बोलत नाही. तुझ्या आईलाही नाही. पण वाटतं."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. ही मोटार मी जाळली, तुमचा पाय राहावा म्हणून. एवढंच सांगितलं असतं तर सहा वर्षांचा सगळा मळ धुऊन निघाला असता. त्यांनी मला जवळ ओढलं असतं, बाजारभर पुन्हा सांगत सुटले असते. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, पायमशीननं पाय राहतो? मग त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. एक सांगायचं तर दुसरं सांगणं भाग होतं. डावा पाय घेणारा लेक आणि उजवा राखणारा लेक, दोन्ही मिळून मी एकच होतो. पहिल्याला झाकायचं असेल तर दुसऱ्यालाही झाकणं आलं. दुष्ट म्हणवून घेणं मला परवडत होतं. आपला पाय लेकाच्या लाडानं गेला, हे त्यांना कळणं परवडत नव्हतं. की ते त्यांना नाही, मलाच परवडत नव्हतं? हेही आजवर ठरलेलं नाही.

"तसं काही नाही, अण्णा," मी म्हणालो. "वेळ मिळत नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग सुईत दोरा ओवला. "बरं," म्हणाले. "जप जिवाला. फार पळापळ करतोस."

त्यानंतर मोटारीचं नाव त्यांनी काढलं नाही. आणखी तीन वर्षं मशीन ओढली. फाल्गुनात एका सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि गेले.

अंघोळ घालताना पाणी मी घातलं. उजव्या पायाची पाचही बोटं जागच्या जागी होती. नखं स्वच्छ, तळव्याला एक चीर नाही, पोटरी जवान माणसासारखी घट्ट. मी त्या पायावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होतो. शेजारची माणसं म्हणाली, आता पुरे, उचलायची वेळ झाली. मला त्यांना तो पाय दाखवायचा होता. बघा, असं म्हणायचं होतं. पण काय बघा, हे कुणाला सांगणार?

खांदा द्यायला पारिसकाका पुढं आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"एक मोटार बसवून दिली असतीस रे," ते म्हणाले. "शेवटपर्यंत पाय हलवत राहिला बिचारा."

"राहून गेलं, काका," मी म्हणालो, आणि खांदा दिला.